क नंतर ख का?

नाक चिमटीत घट्ट धरा आणि 'मामा' म्हणून पाहा. ऐकणाऱ्याला 'बाबा' ऐकू येईल. नाक तसेच धरून 'नाना' म्हणा, 'दादा' ऐकू येईल. चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये हा खेळ सुरू केला, की प्रत्येकाला तो करून पाहायचा असतो आणि हसण्याखिदळण्यात अर्धा तास निघून जातो. या खेळात मराठी वर्णमालेच्या रचनेचे एक मोठे सूत्र मुलांच्या हाती लागते. 'म' म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि आवाज नाकावाटे बाहेर जातो. नाकाची वाट बंद झाली, की त्याच मिटलेल्या ओठांमागे हवा अडते आणि 'म'चा 'ब' होतो. 'न' आणि 'द' यांचेही असेच. म्हणूनच ब आणि म एका ओळीत बसले आहेत, द आणि न दुसऱ्या.

बालवाडीत आणि घरी मुळाक्षरांचा क्रम शिकवताना आपण बहुतेक वेळा ही गंमत वगळतो. हातात अंकलिपी देतो, 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' म्हणून घेतो आणि मूल न अडखळता ज्ञ पर्यंत पोहोचले, की क्रम आला असे समजतो. पण पाठ म्हणणे आणि क्रम कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी मुलांना तर क्रम नुसता पाठ करण्याची गरजच नाही, कारण आपल्या वर्णमालेचा क्रम ज्याच्या त्याच्या तोंडातच आहे. तो तिथे शोधायला शिकवता येतो आणि तीन ते सहा या वयात मुलाला त्याहून जास्त आवडणारे काम दुसरे नाही.

तोंडातली वाट

क, ख, ग, घ, ङ म्हणताना जिभेचा मागचा भाग घशाजवळ टेकतो. च, छ, ज, झ, ञ म्हणताना जीभ टाळूला लागते. ट, ठ, ड, ढ, ण साठी जिभेचे टोक वर वळते. त, थ, द, ध, न साठी ते दातांमागे येते आणि प, फ, ब, भ, म मध्ये जिभेला काम उरत नाही, ओठ मिटतात. घशापासून निघून ओठांपर्यंत पाच मुक्काम आणि प्रत्येक मुक्कामावर पाच व्यंजनांचा एक वर्ग, अशी ही पंचवीस व्यंजनांची मांडणी आहे.

प्रत्येक ओळीच्या आतही तोच शिस्तबद्धपणा आहे. पहिले व्यंजन साधे, दुसऱ्यात श्वासाचा झोत जास्त. तोंडासमोर तळहात धरून आधी 'क' आणि मग 'ख' म्हटले, की 'ख'ची गरम फुंकर हाताला लागते. तिसऱ्या व्यंजनात घशाची थरथर मिसळते. गळ्यावर बोटे ठेवून 'ग' लांबवला, तर ती जाणवते. चौथ्यात थरथर आणि झोत दोन्ही असतात. पाचवे नाकातून येते. कुजबुजीत बोललो, तर गळ्याची थरथर थांबते आणि 'बाबा' जवळजवळ 'पापा'सारखे ऐकू येते. मुलांना हेही करून पाहता येते.

पुढची अक्षरेही याच वाटेने जातात. य टाळूजवळचा, र वर वळलेल्या जिभेचा, ल दातांचा, व दात आणि ओठांचा. श, ष, स यांचा क्रमही टाळू, मूर्धा (जीभ वर वळून लागते ती जागा), दात असाच. स्वरांतही आधी अ-आ, मग टाळूकडे झुकणारे इ-ई, मग ओठ गोल करणारे उ-ऊ. अ आणि इ यांच्या संयोगातून आलेला ए आणि अ-उ च्या संयोगातून आलेला ओ साहजिकच त्यांच्या नंतर येतात. एकटा ळ या वाटेबाहेर, ह नंतर दिसतो. अभिजात संस्कृतच्या वर्णमालेत त्याला स्थान नव्हते, मराठीत मात्र त्याच्यावाचून बाळही नाही आणि शाळाही नाही.

ही मांडणी फार जुनी आहे. वेदपठणातले उच्चार पिढ्यानपिढ्या शुद्ध राहावेत, म्हणून प्रातिशाख्य ग्रंथांच्या कर्त्यांनी ध्वनींचा बारकाईने अभ्यास केला. कोणता ध्वनी तोंडात कुठे उमटतो, कोणता घोष म्हणजे थरथरीचा, कोणता अघोष म्हणजे थरथरीविना, याची त्यांनी वर्गवारी केली. बौद्ध धर्माबरोबर आणि व्यापाराबरोबर हा विचार आशियाभर गेला. तिबेटी, ब्रह्मी, थाई, ख्मेर आणि सिंहली वर्णमालांतली व्यंजने आजही 'क'च्या वर्गापासूनच सुरू होतात. जपानी मुले 'आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा' या क्रमाने आपली अक्षरे शिकतात. त्या क्रमामागेही संस्कृत ध्वनिविचाराचा अभ्यास आहे. चंद्रपूरच्या अंगणवाडीतले मूल आणि टोकियोच्या बालवाडीतले मूल आपापल्या अक्षरांच्या क्रमात एका जुन्या विद्येचे वारस आहेत.

एबीसीचा क्रम वेगळा का शिकवावा लागतो

रोमन लिपीच्या क्रमाचे असे नाही. ए नंतर बी आणि बी नंतर सी का, याला उच्चाराचे कारण देता येत नाही. स्वर मधेच कुठेही विखुरलेले आहेत. तो क्रम परंपरेने आलेला आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित या प्राचीन नगरात सापडलेल्या, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर त्याच्याशी नाते सांगणारा क्रम कोरलेला आहे. फिनिशियन, ग्रीक आणि लॅटिन असा प्रवास करत तो आजच्या मुलांपर्यंत आला.

कारण नसलेला क्रम लक्षात ठेवायचा, तर चाल लागते. इंग्रजी मुळाक्षरांचे सुप्रसिद्ध गाणे १८३५ मध्ये बॉस्टनमध्ये छापले गेले. त्याची चाल 'ट्विंकल ट्विंकल'चीच. त्या चालीत एल, एम, एन, ओ, पी ही पाच अक्षरे इतक्या घाईने येतात, की असंख्य मुलांना ते 'एलेमेनोपी' नावाचे एकच अक्षर वाटते. १९८३ मध्ये क्लार, चेस आणि लवलेस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रौढांना एकेक अक्षर दाखवून 'याच्या पुढचे कोणते?' असे विचारले आणि उत्तराला लागणारा वेळ मोजला. मोठ्या माणसांनाही सगळ्या अक्षरांसाठी सारखा वेळ लागत नव्हता. त्यांच्या मनात अक्षरांचे छोटे गट होते, ते गट गाण्यातल्या तुकड्यांशी जुळत होते आणि उत्तर शोधताना मन त्या गटाच्या सुरुवातीला जाऊन पुढे सरकत होते.

पालकांसाठी यात दोन धडे आहेत. मुलाला 'ध नंतर काय?' विचारल्यावर ते 'त, थ, द, ध, न' असे सुरुवातीपासून म्हणत आले, तर त्याला कच्चे समजू नका. माणसाचे मन असेच चालते. दुसरा धडा असा, की क्रम गटांनी साठवला जातो, तर गट नीट निवडावेत. इंग्रजीत ते चालीच्या सोयीने पडतात. मराठीत पाच-पाचांचे सार्थ गट आयतेच मिळाले आहेत. म्हणून 'क ते ज्ञ' अशी एक लांबलचक ओळ मुलाच्या माथी मारण्यापेक्षा एका वेळी एक वर्ग घ्यावा आणि त्याच्याशी मनसोक्त खेळावे.

वाचनाचा क्रम आणि वर्णमालेचा क्रम

मूल वर्णमालेच्या क्रमानेच अक्षरे वाचायला शिकले पाहिजे, असा एक हट्ट घरोघरी दिसतो. तो सोडून द्यायला हवा. क, ख, ग, घ या चार अक्षरांतून मुलाला वाचता येतील असे शब्द फारसे तयार होत नाहीत. म, क, र, ल, न, प अशी अक्षरे एकत्र शिकली, तर कप, नल, कमल, मकर, नरम असे शब्द लगेच वाचता येतात. म्हणूनच पहिलीच्या पाठ्यपुस्तकांत अक्षरे गटागटाने येतात आणि ओळीने येत नाहीत. यात मुलाचे नुकसान नाही. वाचनासाठी अक्षर ओळखावे लागते आणि क्रम नंतरही पक्का होतो.

कन्नड शाळांतल्या मुलांचा अभ्यास करून संशोधक सोनाली नाग यांनी २००७ मध्ये दाखवले, की भारतीय लिपींतल्या अक्षरांचा सगळा संच हाती यायला प्राथमिक शाळेतली काही वर्षे जातात. रोमन लिपीत अक्षरे सव्वीस. इथे मात्र मुळाक्षरे, त्यांच्या मात्रा आणि जोडाक्षरे असा मोठा पसारा आहे. त्यामुळे साडेचार वर्षांच्या मुलाला घ आणि ध यांत गोंधळ होत असेल, तर त्याला वेळ द्यावा.

मुलाच्या कलाने शिकवण्याची महाराष्ट्राला मोठी परंपरा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये गुजरातेत भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करून पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बालशिक्षण गावातल्या गरीब मुलांच्या अंगणापर्यंत नेले. पुढे दोघींनी कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये काम केले. महागडी साधने विकत आणण्यापेक्षा बिया, शंखशिंपले, पाने, दगड, माती यांतून शिकायचे, हा त्यांचा आग्रह होता. माँटेसोरी पद्धतीत मूल खरखरीत अक्षरावरून बोट फिरवते. आपल्या जुन्या शाळांतली धूळपाटीही बोटाने अक्षर गिरवण्यासाठीच होती. हाताला, कानाला आणि तोंडाला आधी काम द्यावे. पेन्सिल थोडी थांबली तरी चालते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ या वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे अक्षरांशी मैत्री करायला मुलाकडे तब्बल पाच वर्षे आहेत.

सुरुवात 'प'पासून

क्रम शिकवायला पहिला वर्ग कोणता घ्यावा? माझे मत स्पष्ट आहे: प, फ, ब, भ, म. बाळाच्या पहिल्या शब्दांत ओठांचे ध्वनी आधी येतात. मामा, बाबा, पापा हे शब्द म्हणूनच जिभेवर लवकर बसतात. शिवाय ओठ डोळ्यांना दिसतात. आरसा समोर ठेवून मुलाला 'पतंग, फणस, बदक, भोपळा, मगर' म्हणायला सांगा आणि विचारा, "प्रत्येक वेळी ओठांनी काय केलं?" 'मिटले' हे उत्तर ते स्वतः शोधते. फ कडे मात्र जरा लक्ष द्या. पुष्कळ जण तो दात ओठाला लावून म्हणतात. ओठ मिटून म्हटला, की तो आपल्या वर्गात नीट बसतो.

नंतर त चा वर्ग घ्यावा. दातांमागची जीभ थोडीफार दिसते आणि नाक धरून नानाचे दादा करण्याचा खेळ इथेच आहे. मग ट चा वर्ग, म्हणजे त-ट, द-ड, न-ण या जोड्यांतला फरक कानाला कळू लागतो. क चा वर्ग आत घशाजवळ असल्याने तो शोधायला सर्वांत अवघड, पण तोवर मुलाला शोधण्याची सवय झालेली असते. च चा वर्ग शेवटी ठेवावा, कारण मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चमचा' मधला च दातांजवळचा, 'चिमणी' मधला टाळूचा. अंकलिपीतली चमचा आणि झबले ही चित्रे मुलांच्या ओळखीची खरी, पण वर्गाची जागा दाखवताना चिमणी, छत्री, जीभ हे शब्द जास्त उपयोगी पडतात.

पाचही वर्ग ओळखीचे झाले, की मग ते घशापासून ओठांपर्यंत रांगेने लावायचे. "आता आतून बाहेर येऊया," असे म्हणत क, च, ट, त, प ही पाच अक्षरे म्हणून घ्यायची. जीभ पुढे पुढे सरकत येते, हे मुलाला जाणवते. वर्गांचा क्रम त्याच्या लक्षात राहतो, कारण त्याला आता कारण आहे.

ङ आणि ञ यांचे काय, असा प्रश्न शिक्षकांना नेहमी पडतो. या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून चित्राची चौकट रिकामी राहते आणि मुले ती अक्षरे गाळून पुढे जातात. पाच शब्द सावकाश म्हणून घ्या: पंखा, अंजीर, अंडे, संत्रे, आंबा. लिहिताना पाचांत तोच अनुस्वार, पण जीभ दर वेळी नव्या जागी जाते. पंख्यातला अनुस्वार ख च्या जागी उमटतो, तो ङ. अंजिरात ञ, अंड्यात ण, संत्र्यात न आणि आंब्यात म. बालवाडीच्या मुलाला ही नावे सांगायची गरज नाही. पाच शब्द चवीने म्हणायला मिळाले, की पुरे.

खेळ आणि साधने

अंगणात किंवा फरशीवर खडूने पाच गल्ल्या आखा आणि प्रत्येक गल्लीत पाच घरे काढा. वरच्या गल्लीत क चा वर्ग, खालच्या गल्लीत प चा. मूल लंगडी घालत आडवे गेले, तर एक वर्ग पुरा होतो. उभे गेले, तर क, च, ट, त, प किंवा ख, छ, ठ, थ, फ असे एका जातीचे ध्वनी भेटतात. ख च्या उभ्या रांगेत प्रत्येक घरात हातावर फुंकर लागते, हे मुलांना एकदा कळले, की ती आपणहून तपासत सुटतात. पाठांतरातून ही जाण येणार नाही.

चार वर्षांच्या मुलासाठी एका वर्गाची पाच कार्डे पुरेशी आहेत. ती ओळीने मांडा, मुलाला डोळे मिटायला सांगा, एक कार्ड उचला आणि विचारा, "कोण हरवलं?" पुढे दोन कार्डांची अदलाबदल करा. नंतर एकच कार्ड दाखवून शेजारी कोण कोण राहते, ते विचारा. 'आधी', 'नंतर', 'मध्ये' हे शब्द या वयात अजून पक्के झालेले नसतात. ते आधी वस्तूंवर, रोजच्या कामांवर घडवून घ्यावेत: दात घासणे आधी की दूध पिणे, बसच्या रांगेत मध्ये कोण उभे आहे. मांडणीची ही सवय असली, तरच अक्षरांचा क्रम मुलाला कळतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी क्रमाचा उपयोग दिसेल, असे काम निवडावे. वर्गातल्या मुलांची नावे कार्डांवर लिहून ती पहिल्या अक्षरानुसार लावायला द्यावीत. अमोल, गौरी, निशा, वेदांत, सलमा अशी पाच नावे एका वेळी पुरेत. आपले नाव आधी येते की मैत्रिणीचे, या प्रश्नात मुलांना खरा रस असतो. भाजीची नावे, आवडत्या प्राण्यांची चित्रे, गोष्टीच्या पुस्तकांची कपाटातली मांडणी, सगळीकडे हे करता येते. मात्रांचा क्रम म्हणजे बाराखडी आणि तिचा उपयोग पुढे शब्दकोशात होतो: कमळ, काकडी, किडा, कुत्रा, केळे, कोबी. हे काम पहिली-दुसरीचे आहे, बालवाडीत त्याची घाई नको.

घरच्या जुन्या तक्त्यात ॲ आणि ऑ नसतील, तर मुलाला ते वेगळे दाखवावेत. २००९ च्या शासन निर्णयाने या दोन स्वरांना मराठी वर्णमालेत रीतसर जागा मिळाली आणि बाराखडीची चौदाखडी झाली. बॅट, बॉल, ऑटो, डॉक्टर हे शब्द मुलांच्या तोंडी रोज असतात, त्यांची अक्षरेही हाताशी असायला हवीत.

इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या आणि परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना तर वर्गांचा हा खेळ विशेष उपयोगी आहे. इंग्रजीत त आणि ट असा भेद नाही, क आणि ख हे वेगळे मानले जात नाहीत. 'ताट' आणि 'टाट' त्या मुलांना सारखेच ऐकू येऊ शकतात. अमेरिकेतल्या मराठी शाळांत शनिवार-रविवारी तास-दोन तासच मिळतात. तिथे क्रम घोकण्यात वेळ घालवण्यापेक्षा जीभ कुठे टेकते आणि फुंकर कुठे लागते, हे दाखवले, तर उच्चार आणि क्रम दोन्ही एकाच वेळी साधतात.

काय टाळावे

पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' हा आग्रह टाळावा. त्याने मूल वेग शिकते आणि अक्षरे एकमेकांत मिसळतात. चुकल्यावर पहिल्यापासून म्हणायला लावू नये. ज्या वर्गात अडले, त्या वर्गाच्या सुरुवातीपासून म्हणायला सांगावे. र, ळ, ष यांचे उच्चार कित्येक मुलांना उशिरा जमतात. तोवर मोठ्यांनी स्वतः शुद्ध म्हणावे आणि मुलाच्या बोबड्या बोलाची नक्कल करू नये. क्रम येतो का, हे पाहायचेच असेल, तर मधूनच एखादे अक्षर विचारावे: "थ कुठल्या गल्लीत राहतो?" क पासून ज्ञ पर्यंत धडधड म्हणणाऱ्या मुलापेक्षा 'थ दातांच्या गल्लीत' असे सांगणाऱ्या मुलाला वर्णमाला अधिक कळलेली आहे.

पहिलीत जाणाऱ्या मुलाला पाचही वर्ग तोंडात कुठे आहेत हे सांगता आले, एखाद्या वर्गाची पाच कार्डे ओळीने लावता आली आणि आपल्या नावाचे पहिले अक्षर कुठल्या ओळीत आहे ते दाखवता आले, तर क्रमाचा पाया भक्कम झाला असे समजावे. बाकीचे शाळेत होईल. पण 'क नंतर ख का?' असे एखाद्या मुलाने विचारले, तर 'असंच असतं' म्हणून त्याला गप्प करू नका. मराठीत या प्रश्नाला खरे उत्तर आहे आणि ते पाच वर्षांच्या मुलाला स्वतःच्या तळहातावर फुंकर घेऊन तपासता येते. इतका तर्कशुद्ध क्रम आपल्याला वारशाने मिळाला आहे, तर तो मुलांच्या हाती कारणासकट द्यावा.